सम्प मोठा करायचा की खोल? भिंतीवरच्या दाबाचा हिशोब

नागपूरच्या बेसा भागात घर बांधत असलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. पोर्चखाली १०,००० लिटरचा सम्प, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, ठरला होता. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू येणार म्हणून आता २०,००० लिटरचा हवा आहे. मिस्त्री म्हणतो, पाणी दुप्पट म्हणजे जोर दुप्पट, तेव्हा भिंत दुप्पट जाड करा. ठेकेदार म्हणतो, लांबी-रुंदी तीच राहू द्या, नुसतं आणखी खोल जाऊ. भिंत आणि सळई पहिल्या नकाशाप्रमाणेच ठेवू, जागाही वाचेल आणि पैसेही. जमीन काळ्या मातीची आहे. दोघांपैकी बरोबर कोण, असं ताई विचारतात.

ताई, दोघंही चुकतात, पण चुका सारख्या नाहीत. मिस्त्रीचं ऐकलं तर थोडं सिमेंट आणि लोखंड वाया जाईल. ठेकेदाराचं ऐकलं तर भिंतीला तडे जातील, आणि पोर्चखालचा सम्प एकदा तडकला की तो दुरुस्त करणं नव्याने बांधण्यापेक्षा जिकिरीचं होतं. पाण्याच्या टाक्यांचं डिझाइन हेच माझं काम आहे आणि हा गैरसमज मला जवळपास प्रत्येक साइटवर भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भिंतीवरच्या एखाद्या बिंदूला पाणी किती जोराने ढकलतं, हे त्या बिंदूच्या वर पाण्याची पातळी किती उंच आहे एवढ्यावरच ठरतं. हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे. पाण्याच्या पृष्ठभागापासून १ मीटर खाली दर चौरस मीटरला सुमारे १ टन दाब, २ मीटर खाली २ टन, ३ मीटर खाली ३ टन. टाकी १,००० लिटरची आहे की १ लाख लिटरची, याचा या आकड्याशी संबंध नाही. भिंतीच्या पलीकडे पाणी अर्धा मीटर पसरलंय की अर्धा किलोमीटर, याचाही नाही.

हे मनाला पटत नाही, हे मला माहीत आहे. एवढं सगळं पाणी मागे असताना ते भिंतीला जास्त रेटणार नाही का, असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून असा विचार करून बघा. ५ मीटर लांबीचा हौद भरलेला आहे. टोकाच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरवर एक पातळ पत्रा पाण्यात उभा सोडला. तो जागचा हलणार नाही, कारण दोन्ही बाजूंचं पाणी त्याला सारखंच ढकलतं. आता तो पत्रा चारी कडांना पक्का बसवा आणि पलीकडचं साडेचार मीटर पाणी उपसून टाका. पत्र्याला आता एका बाजूचा दाब एकट्याने सोसावा लागेल. पण टोकाची भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या अर्ध्या मीटर पाण्याला काय फरक पडला? त्याची पातळी तीच राहिली आणि टोकाच्या भिंतीवरचा दाबही तोच राहिला. म्हणजे पलीकडचं साडेचार मीटर पाणी एवढा वेळ फक्त त्या पत्र्याचं काम करत होतं, अलीकडच्या पाण्याला जागेवर धरून ठेवण्याचं.

मिस्त्रीला मात्र पत्र्याची गोष्ट सांगू नका. त्याच्याजवळ याहून चांगला पुरावा रोज असतो. प्लिंथची लेव्हल काढायला तो जी पारदर्शक नळी वापरतो, तिचं एक टोक पाण्याने भरलेल्या २०० लिटरच्या ड्रममध्ये बुडवायला सांगा, नळी पूर्ण भरून घ्या आणि दुसरं टोक ड्रमच्या शेजारी उभं धरा. ड्रममध्ये २०० लिटर आणि नळीत पेलाभर पाणी. ड्रममधल्या जास्तीच्या पाण्यामुळे जास्त दाब आला असता, तर त्याने नळीतलं पाणी वर रेटून बाहेर सांडवलं असतं. तसं होत नाही. दोन्हीकडची पातळी एका रेषेत थांबते. लेव्हल नळी चालते ती याच नियमावर, आणि आपला मिस्त्री त्या नियमावर रोज घरं उभी करतो. फ्लेमिश गणिती सायमन स्टेव्हिन याने १५८६ साली हेच लिहून ठेवलं होतं, की तळावरचा दाब भांड्याच्या आकारावर वा त्यातल्या एकूण पाण्यावर अवलंबून नसतो, उंचीवर असतो.

आता तुमच्या सम्पचे आकडे. पहिला सम्प २.५ मीटर × २.७ मीटर, पाण्याची खोली १.५ मीटर, म्हणजे साधारण १०,००० लिटर. २०,००० लिटरसाठी दोन वाटा आहेत. एक, खोली १.५ मीटरच ठेवून आकार ५ × २.७ मीटर करायचा. दुसरी ठेकेदाराची, आकार तोच ठेवून खोली ३ मीटर करायची. पाणी दोन्हीकडे सारखंच, २०,००० लिटरच्या किंचित वर.

पहिल्या वाटेत तळाजवळचा दाब दर चौरस मीटरला १.५ टन, म्हणजे छोट्या सम्पमध्ये होता तेवढाच. दुसऱ्या वाटेत तो ३ टन. इथपर्यंत दुप्पट. पण भिंतीला एका बिंदूचा दाब सोसायचा नसतो, वरपासून खालपर्यंतचा सगळा सोसायचा असतो. वर शून्य, खाली सगळ्यात जास्त, असा तो त्रिकोणी भार. त्याची बेरीज खोलीच्या वर्गाने वाढते. १.५ मीटर खोलीला भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे १.१ टन धक्का बसतो, ३ मीटर खोलीला ४.५ टन. म्हणजे चौपट. ५ मीटर लांबीच्या संपूर्ण भिंतीवर पहिल्या वाटेत साडेपाच-पावणेसहा टन येतात, आणि दुसऱ्या वाटेत २.५ मीटरच्या आखूड भिंतीवर सव्वा अकरा टन. भिंत निम्मी लांब, भार दुप्पट.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि ठेकेदार नेमकी तीच विसरतो. भिंत वाकते ती नुसत्या धक्क्याने नाही, धक्का आणि तळापासूनचं त्याचं अंतर यांच्या गुणाकाराने. हा धक्का तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो. खोली वाढली की धक्का वाढतो आणि ते अंतरही वाढतं, त्यामुळे भिंतीला तळाशी वाकवणारा जोर खोलीच्या घनाने वाढतो. भिंत वरून मोकळी धरली तर १.५ मीटरला दर मीटर लांबीमागे तो ०.५६ टन-मीटर येतो आणि ३ मीटरला ४.५ टन-मीटर. आठपट! खोली दुप्पट केल्यावर सळई तीच ठेवायची, याचा अर्थ भिंतीकडून आठपट कामाची अपेक्षा करायची.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर कुणी इंजिनिअर मला बरोबर पकडेल. वरचा स्लॅब भिंतीशी एकसंध ओतला असेल तर भिंतीला वर टेका मिळतो आणि तळाचा हा जोर निम्म्याहूनही कमी होतो. कोपरे जवळजवळ असतील तर भिंत आडवीही काम करते आणि थोडा भार कोपऱ्यांकडे जातो. म्हणून २.५ मीटरच्या आखूड भिंतीवर प्रत्यक्षात माझ्या आकड्याहून कमी ताण येईल, आणि ५ मीटरची भिंत मात्र मध्यभागी जवळपास पूर्ण उभीच वाकेल. म्हणजे प्रत्यक्षातला फरक आठपटीहून कमी भरेल. तरीही तो इतका मोठा आहे की १.५ मीटरच्या नकाशातली सळई ३ मीटरला चालणारच नाही.

हा नियम किती दूरपर्यंत जातो, हे बघायला आपल्याच भागातली दोन धरणं घ्या. नागपूरला पाणी देणाऱ्या पेंच प्रकल्पातलं तोतलाडोह धरण पायापासून सत्तर मीटरहून उंच आहे आणि लांबीला पाऊण किलोमीटरच्या आत. वैनगंगेवर पवनीजवळचं गोसीखुर्द पायापासून साधारण २२ मीटर उंच, पण लांबी ११ किलोमीटरहून अधिक. पूर्ण भरल्यावर दोन्हीकडे हजार दशलक्ष घनमीटरच्या वर पाणी असतं. साठा एकाच मापाचा, पण उंचीच्या प्रमाणावरून बघितलं तर सगळ्यात खोल जागी भिंतीच्या दर मीटरवरचा धक्का तोतलाडोहला दहापटीच्या घरात जातो. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधावर उभं राहून समोरचं पसरलेलं पाणी बघताना वाटतं की एवढं सगळं पाणी या बांधाला रेटतंय. बांधाला कळते ती फक्त त्याच्या पायथ्याशी असलेली खोली.

मग घनफळ कुठेच मोजायचं नाही का? मोजायचं, आणि जिथे मोजायचं तिथे ते विसरलं तर तेही महागात पडतं.

गोल टाकी घ्या. दाब तोच, खोलीप्रमाणे. पण गोल भिंत पाण्याला धरते ती ताणून, आणि हा ताण दाब गुणिले व्यासाचा निम्मा एवढा असतो. ३ मीटर खोलीवर ४ मीटर व्यासाच्या टाकीत भिंतीच्या दर मीटर उंचीला ६ टन ताण, ८ मीटर व्यासाच्या टाकीत १२ टन. म्हणजे गोल टाकी रुंद केली तर भिंतीत आडवी सळई वाढवावीच लागते. तुमचा मिस्त्री कधी गोल टाक्यांवर काम करून आला असेल, तर पाणी जास्त तर भिंत जाड हा त्याचा अनुभव तिथून आला असणार. चौकोनी सम्पला तो तसाच्या तसा लागू करता येत नाही.

गच्चीवर एकूण वजन मोजावं लागतं. राहत्या घराची ये-जा असलेली गच्ची दर चौरस मीटरला साधारण १५० किलो चलभारासाठी, म्हणजे माणसं-सामानाच्या येत्या-जात्या भारासाठी, डिझाइन करतात. हे १५ सेंटीमीटर पाण्याएवढं झालं. गच्चीवरच्या टाकीत पाणी १.५ मीटर उभं असेल तर टाकीखाली दर चौरस मीटरला १,५०० किलो येतात. म्हणून वरची टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवायची नाही, कॉलमवर टेकलेल्या बीमवरच ठेवायची. जाता जाता सांगतो, नळाला पाणी जोरात यावं म्हणून १,००० च्या जागी २,००० लिटरची टाकी बसवू नका. टाकी १ मीटर वर उचलली तर चौरस सेंटीमीटरला ०.१ किलो दाब वाढेल. त्याच उंचीवर नुसती रुंद टाकी ठेवली तर काहीही वाढणार नाही.

रस्त्यावरून धावणाऱ्या टँकरची गोष्टही वेगळी. तिथे पाणी स्थिर नसतं. ब्रेक लागला की सगळं पाणी पुढे धावतं आणि लांबी जेवढी जास्त तेवढा त्याचा मार मोठा, म्हणून टँकरच्या आत आडवे पत्रे घालतात. तुमचा सम्प धावणार नाही, तेव्हा ते सोडून देऊ.

आता ज्या गोष्टीची मला तुमच्या बाबतीत खरी काळजी वाटते ती सांगतो. गच्चीवरचं पावसाचं पाणी सम्पमध्ये सोडायचं असेल, आणि ते सोडावंच असं माझं मत आहे, तर ११० मिलिमीटरचा पाइप थेट बंद सम्पमध्ये उतरवतात. सम्प काठोकाठ भरला, ओव्हरफ्लो बारीक असला किंवा पाल्याने तुंबला, आणि झाकण घट्ट बसवलेलं असलं, तर पाणी त्या उभ्या पाइपमध्ये चढायला लागतं. स्लॅबच्या वर ३ मीटर चढलं की पाइपमध्ये जेमतेम २५-३० लिटर पाणी असतं. पण दाब उंचीचा असतो! स्लॅबच्या खालच्या बाजूला दर चौरस मीटरला ३ टन वरच्या दिशेने. १५ सेंटीमीटर जाडीच्या स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ३७५ किलो असतं. तुमच्या १३.५ चौरस मीटरच्या स्लॅबखाली हा रेटा ४० टनांचा होतो, आणि ही सगळी करामत दोन बादल्या पाण्याची. स्लॅब खालच्या बाजूने भार घेण्यासाठी केलेला नसतो, त्यामुळे आधी भिंत आणि स्लॅबचा सांधा उघडतो.

उपाय स्वस्त आहे. पावसाचा पाइप सम्पला थेट जोडायचाच नाही. आधी तो जमिनीच्या पातळीवरच्या उघड्या फिल्टर चेंबरमध्ये सोडायचा, म्हणजे पाइपमध्ये पाणी उभंच राहू शकत नाही, तिथूनच बाहेर सांडतं. सम्पचा ओव्हरफ्लो येणाऱ्या पाइपपेक्षा लहान नको आणि तो स्लॅबच्या खालच्या बाजूच्याही खाली असावा. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून नाग नदीला पूर आला, ते नागपूर विसरलेलं नाही. रस्त्यावर पाणी चढलं तर गटाराचं पाणी ओव्हरफ्लोतूनच उलटं सम्पमध्ये येऊ शकतं, म्हणून त्यावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या.

दुसरी काळजी बाहेरच्या बाजूची. आतापर्यंत आपण भरलेल्या सम्पचा विचार केला. पण जमिनीतल्या सम्पची कठीण परीक्षा तो रिकामा असताना, भर पावसात होते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला बाहेरून आत दाबते. तिच्यातलं पाणी वेगळं दाबतं, खोलीप्रमाणेच. दोन्ही मिळून हा दाब आतल्या पाण्याच्या दाबाहून जास्त होऊ शकतो. वर पोर्चमध्ये गाडी उभी असेल तर तिचा भार आणखी. म्हणून भिंतीत सळईची जाळी एकच आणि तीही मधोमध, असं चालत नाही. आतल्या दाबासाठी एक, बाहेरच्या दाबासाठी एक, अशा दोन जाळ्या हव्यात. दोन जाळ्या आणि दोन्हीकडचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, नीट बसावं म्हणून मी १.५ मीटर खोलीलाही २० सेंटीमीटर भिंत धरतो.

आणि रिकामा सम्प तरंगतो. इथे घनफळच सगळं ठरवतं. ठेकेदाराचा ३ मीटरचा सम्प भिंती, तळ, स्लॅब धरून बाहेरून साधारण ३१ घनमीटर जागा व्यापतो. भोवतालचं पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत चढलं तर ते सम्पला ३१ टनांनी वर उचलतं. काँक्रीटचं वजन सुमारे २५ टन. पसरट सम्पचंही तसंच, उचल ३३ टन आणि वजन २८. दोन्ही उचलले जाऊ शकतात. त्यासाठी तळाचा स्लॅब चारी बाजूंनी ३० सेंटीमीटर बाहेर काढा. त्या काठावर बसणारा भराव सम्पला दाबून धरतो. भराव काळ्या मातीचा नको, मुरमाचा घाला आणि थर देऊन ठोकून घ्या. शिवाय पावसाळ्यात सम्प साफ करायला पूर्ण उपसू नका. ते काम उन्हाळ्यात करायचं. काठ बाहेर काढलेला नसेल तर पावसाळाभर सम्प निम्म्याहून अधिक भरलेला असलाच पाहिजे.

खोल सम्पला माझा विरोध आणखी एका कारणाने आहे. ३ मीटर पाणी म्हणजे साडेतीन मीटरहून खोल खड्डा, आणि तो पोर्चखाली, म्हणजे घराच्या कॉलमच्या फुटिंगला, पायाला, लागून. फुटिंग दोन मीटरवर असेल तर तुम्ही तिच्या खालून माती काढताय. ओल्या काळ्या मातीत असा उभा खड्डा ढासळतो आणि खाली काम करणारी माणसं त्यात गाडली जातात. हा धोका दाबाच्या कुठल्याही हिशोबापेक्षा मोठा आहे.

म्हणून ५ × २.७ मीटरचा, १.५ मीटर खोल सम्प करा. मधे एक आडभिंत घालून दोन कप्पे केले तर फार बरं. एक साफ करताना दुसरा चालू राहील आणि लांब भिंतीला मधे आधारही मिळेल. ती आडभिंत मात्र एकीकडे भरलेलं आणि दुसरीकडे रिकामं असं धरूनच डिझाइन करायला सांगा. काँक्रीट एम ३० या प्रतीच्या खाली नको. पाण्याच्या टाक्यांसाठीच्या आयएस ३३७० या मानकाप्रमाणे डिझाइन झालंय का, हे इंजिनिअरला स्पष्ट विचारा. साध्या घराच्या भिंतीसारखा हिशोब केला तर ती पडणार नाही, पण केसासारखे तडे जाऊन झिरपेल. या मानकात तड्याची रुंदी ०.२ मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितलं आहे आणि बहुतेक वेळा सळई त्याच अटीवर ठरते. विटांचा सम्प तर या जमिनीत नकोच. वीटकाम ताण घेत नाही, आणि काळी माती दर उन्हाळ्यात भेगाळते नि दर पावसाळ्यात फुगते.

तळ आणि भिंत यांच्या सांध्यात पाणी अडवणारी पीव्हीसीची वॉटरबार पट्टी घालायला विसरू देऊ नका, दाब सगळ्यात जास्त तिथेच असतो. भराव घालण्याआधी, बाहेरचा खड्डा उघडा असतानाच, सम्प भरून आठवडाभर तसाच ठेवा आणि रोज सगळ्या बाजूंनी खाली उतरून ओल बघा. भराव झाल्यावर ओल दिसणार नाही, पण गळती चालूच राहील. खड्डा खणून झाला की काळ्या मातीचा थर किती खोल लागला, खाली मुरूम लागला की नाही आणि शेजारच्या फुटिंगची खोली किती आहे, हे तीन आकडे कळवा. तळाच्या स्लॅबची जाडी त्यावरून सांगता येईल.